नऊ ते साडेतीन

सिंगापूरमधला निकोल हायवे २० एप्रिल २००४ रोजी, मंगळवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास खचला. शेजारी मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी खणलेला तीस मीटरहून खोल चर दोन्ही बाजूंनी मिटला आणि चार माणसे गेली. पुढे चौकशी समितीने स्पष्ट नोंदवले की ही दुर्घटना अचानक घडलेली नाही, तिच्याआधी घटनांची साखळी आहे. त्या साखळीचे शेवटचे साडेसहा तास मला इथे मांडायचे आहेत. कारण पुण्या-मुंबईतही आता इमारत वर चढण्याआधी दोन-दोन, तीन-तीन मजले खाली उतरते. जमिनीखाली उभी असलेली भिंत कशाच्या जोरावर उभी असते, हे त्या इमारतीत राहणाऱ्यांना सोडा, तिथे राबणाऱ्यांनाही कुणी सांगत नाही.

त्याआधी

जागा मुळात समुद्रातून मिळवलेली. १९७०च्या दशकात भराव टाकून ती तयार केली होती. भरावाखाली सागरी चिकणमातीचा जाड थर. ही माती इतकी मऊ की तिच्यात खणलेला खड्डा स्वतःहून उभा राहतच नाही. म्हणून आधी दोन्ही बाजूंना जमिनीत ०.८ मीटर जाडीच्या काँक्रीटच्या डायफ्रॅम वॉल उतरवल्या. मग त्यांच्या मधली माती काढत खाली जायचे, आणि दर तीन-एक मीटरला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोलादी आडवे टेकू बसवायचे. साइटवर त्यांना स्ट्रट म्हणतात. असे दहा थर ठरले होते. तळाशी, खोदाईच्या आधीच, जमिनीत सिमेंटचा द्राव प्रचंड दाबाने मारून मातीचेच दोन कडक थर केले होते. त्यांतला वरचा थर तात्पुरता. खोदाई तिथवर पोचली की तो फोडून काढायचा होता.

मातीचा जोर भिंतीवर येतो, भिंत तो स्ट्रटवर टाकते, आणि स्ट्रट समोरच्या भिंतीशी तो तोलतो. भिंत कितीही जाड दिसली तरी तिच्यात एवढ्या खोलीवरच्या मातीला एकट्याने अडवण्याची ताकद नव्हती, आणि तशी अपेक्षाही नव्हती. सगळी भिस्त टेकूंवर. टेकूंची भिस्त त्यांच्या टोकांवर.

या टोकांचे नीट सांगितले पाहिजे, कारण सगळी कथा तिथेच आहे. स्ट्रट थेट भिंतीला टेकत नाही. भिंतीला लागून एक आडवी पोलादी तुळई धावते, तिला वेलर म्हणतात. स्ट्रट तिच्यावर टेकतो. तुळईचा आकार इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्या आणि मधोमध एक पातळ पत्रा. शेकडो टनांचा भार त्या मधल्या पत्र्यावर आला की तो दुमडू पाहतो. म्हणून तिथे पोलादाचे तुकडे वेल्डिंगने बसवून त्याला जखडायचे असते. या जोडाच्या हिशेबात पोलादी बांधकामाच्या संहितेतले एक कलम चुकीचे लावले गेले, भार पत्र्याच्या किती लांबीवर पसरतो ती लांबी जास्त धरली गेली. परिणामी जोडाची ताकद लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम निम्मी राहिली. टोकाशी स्ट्रटला फाटे देऊन भार पसरवण्याची सोय असते, तेही काही ठिकाणी गाळले गेले.

दुसरी चूक मातीच्या हिशेबात. संगणकावरच्या विश्लेषणात मऊ चिकणमातीची ताकद ज्या पद्धतीने धरली, त्या पद्धतीत ती प्रत्यक्षापेक्षा जास्त निघते. त्यामुळे भिंत किती वाकेल आणि तिच्यावर किती ताण येईल, हे दोन्ही आकडे खरे येणार होते त्याच्या जवळपास निम्मे निघाले.

दोन चुका, दोन्ही कागदावरच्या, आणि दोन्हींनी भिंतीला कमकुवत बाजूलाच लोटले.

फेब्रुवारी २००४

वरच्या थरांमधल्या काही जोडांत बसवलेल्या पोलादी पट्ट्या वाकलेल्या सापडल्या. इथे थांबून मूळ हिशेब पुन्हा पाहायला हवा होता. त्याऐवजी पट्ट्यांच्या जागी सी आकाराचे चॅनेल बसवायचे ठरले. दिसायला ते दणकट. पण त्यांनी जोडाची ताकद फारशी वाढली नाही, आणि एक घातक गुण मात्र आला. पट्टी वाकते ती हळूहळू, भार धरून ठेवत, डोळ्यांदेखत. चॅनेलचा जोड मर्यादेपर्यंत ताठ उभा राहतो आणि ती ओलांडली की एका बाजूला कलून एकदम बसतो. रिकामा पत्र्याचा डबा उभा ठेवून त्यावर पाय दिला तर तो माणसाचे वजन पेलतो, पण कडेला जरा चेपला की क्षणात चपटा होतो. तसे.

नवव्या थराच्या स्ट्रटना हेच चॅनेल होते.

शेवटचे आठवडे

भिंतीत इनक्लिनोमीटर बसवलेले होते. भिंत किती आत वाकली हे ते सांगतात. दक्षिणेकडच्या भिंतीतला आकडा ठरवलेली मर्यादा ओलांडून गेला. यावर झाले ते असे: प्रत्यक्ष मोजमापाशी जुळतील असे आकडे घालून हिशेब पुन्हा केला, आणि नव्या हिशेबाप्रमाणे मर्यादा वर सरकवली. भिंत पुन्हा पुढे गेली, मर्यादा पुन्हा वर गेली. चौकशी समितीने या प्रकाराला फार कडक शब्दांत धारेवर धरले. मोजमाप हिशेबाला खोटे ठरवत असताना हिशेब का चुकला हे शोधायचे सोडून तो मोजमापाशी जुळवून घेतला गेला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती भिंत ४० सेंटिमीटरहून जास्त आत आली होती.

त्याच दिवसांत नवव्या थराखालचा तात्पुरता कडक थर फोडून काढला, दहाव्या थराकडे खोदाई सुरू झाली. तळाशी मातीला आतून धरणारा थर गेल्यावर त्याचा वाटा नवव्या स्ट्रटवर आला.

२० एप्रिल. सकाळ

खड्डा तीस मीटरच्या आसपास. वर रस्त्यावर वाहने नेहमीसारखी. खाली दहाव्या थराची जागा मोकळी करण्याचे काम. सकाळच्या पहिल्या तासांतच खालच्या लोकांनी आवाज ऐकले. 'थंग', 'थंग', पोलादावर घण पडावा तसे. चौकशीत साक्षीदारांनी याच शब्दांत ते सांगितले.

पोलादाची रचना एवढ्या भाराखाली असताना असा आवाज बहुधा दोन कारणांनी होतो. एखादा भाग दुमडतो, नाहीतर एखादे वेल्डिंग तुटते. साइटवर जन्म काढलेल्या कुठल्याही फिटरला हे समजते, त्यासाठी पदवी लागत नाही.

सुमारे ९. साडेसहा तास शिल्लक

नवव्या थरातल्या एका स्ट्रटच्या टोकाशी वेलर दुमडलेला दिसला. थोड्या वेळाने दुसऱ्या एका स्ट्रटच्या टोकाशी तेच. वरिष्ठांना कळवले गेले, माणसे येऊन पाहून गेली.

त्या क्षणी खाली उभ्या असलेल्या अभियंत्याला काय दिसत असेल? एक जोड गेलेला, पण रचना उभी. यातच सगळा धोका आहे. एक जोड बसला की त्या स्ट्रटचा भार नाहीसा होत नाही. तो शेजारच्या स्ट्रटवर आणि वरच्या, आठव्या थरावर जातो. तेही जोड त्याच चुकीच्या हिशेबाने बनवलेले. म्हणजे भार वाढलेला आणि ताकद तेवढीच, निम्मी. इथून पुढे प्रत्येक जोडाचे जाणे दुसऱ्याला ओढत नेणार होते. एक टेकू निकामी झाला तर बाकीचे निभावतील एवढी शिल्लक ताकद रचनेत हवी असते. इथे ती ठेवलेलीच नव्हती.

९ ते १२

हे तीन तास मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात, कारण अजून बरेच करता आले असते.

पहिली गोष्ट, माणसे वर घेणे. त्याला कुठलाच हिशेब लागत नाही. दुसरी, रस्ता बंद करणे. तिसरी, खड्डा परत भरणे. खोल खोदाईत टेकू जाऊ लागले की जगभर हाच आपत्कालीन उपाय मानला जातो: काढलेली माती परत आत ढकलायची, किंवा खड्ड्यात पाणी सोडायचे. आतून वजन आले की बाहेरच्या मातीला तोंड द्यायला काहीतरी उभे राहते. महिन्यांची मेहनत वाया जाते, ठेकेदाराचे कोट्यवधी जातात, वेळापत्रक कोलमडते. पण भिंत वाचू शकते, आणि ती नाही वाचली तरी खाली कुणी नसते.

निर्णय झाला तो दुरुस्तीचा. दुमडलेल्या वेलरच्या पोकळीत काँक्रीट ओतून तो भाग घट्ट करायचा.

काँक्रीट ओतल्या क्षणी निव्वळ वजन असते. त्याला ताकद यायला तास लागतात, पुरती यायला दिवस. तासागणिक भार सरकत असलेल्या जोडात ओले काँक्रीट भरून तो जोड वाचेल हे मनाला पटतच नाही. तिथल्या माणसांना धोका दिसत नव्हता असे नाही. त्यांना दिसलेला धोका एका जोडाचा होता. संपूर्ण भिंत हलते आहे, हे इनक्लिनोमीटरच्या कागदावर होते, स्ट्रटवरच्या भारमापकांवर होते, आणि ते कागद आणि तो दुमडलेला जोड एकत्र ठेवून पाहणारा अधिकारी त्या तासांत त्या खड्ड्याच्या काठावर नव्हता.

१२ ते ३

दुमडण्याचे लोण पसरत गेले. आधी दक्षिणेची टोके, मग उत्तरेची, त्याच रांगेतले शेजारचे स्ट्रट. उपकरणांवर नवव्या थराचा भार उतरत आणि आठव्याचा चढत असल्याची नोंद होत होती. टेकू एकमेकांकडे भार सोपवत होते आणि घेणारा प्रत्येक जण देणाऱ्याइतकाच दुबळा होता.

माणसे अजून खालीच होती.

३ नंतर

शेवटच्या अर्ध्या तासात आवाज वाढले. ज्यांनी ते ऐकले त्यांतले बरेच जण शिड्यांकडे धावले. एक फोरमन आपल्या हाताखालच्या लोकांना वर काढत खाली राहिला. त्याच्यामुळे काही जण वाचले, तो वर आला नाही.

साडेतीन

नववा थर सुटला, आठवा सुटला, आणि मग वरचे सगळे. भिंती आत आल्या. निकोल हायवेचा सुमारे १०० मीटरचा तुकडा खाली गेला. सुमारे १५० मीटर बाय १०० मीटरचा भाग खचला, ३० मीटर खोल. त्या भागातल्या ६६ केव्हीच्या वीजवाहिन्या तुटल्या आणि सुमारे १५ हजार लोकांची वीज गेली. रस्त्यावरच्या एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही, हे केवळ नशीब.

गेलेले चौघे: फोरमन, क्रेनचालक, भूपरिवहन प्राधिकरणाचा एक निरीक्षक आणि एक कामगार. तीन मृतदेह मिळाले. खड्डा इतका अस्थिर होता की २३ एप्रिलला शोध थांबवावा लागला. फोरमनचा मृतदेह मिळालाच नाही.

नंतर

न्यायाधीश रिचर्ड मॅग्नस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मे २००५ मध्ये अंतिम अहवाल दिला. ठेकेदार कंपनीला आणि काही जबाबदार व्यक्तींना दंड झाले. रस्ता ४ डिसेंबर २००४ ला पुन्हा खुला झाला. तिथले मेट्रो स्थानक मूळ जागेवर बांधलेच नाही, बाजूला सरकवले, ते १७ एप्रिल २०१० ला सुरू झाले. कायद्यात फरक पडला तो खरा मोलाचा: २००६ साली कामाच्या जागेच्या सुरक्षेचा नवा कायदा, आणि मग सहा मीटरहून खोल खोदाईसाठी भूतंत्र अभियंत्याची स्वतंत्र जबाबदारी व त्रयस्थ तपासणी. समितीची सगळ्यांत मूलभूत शिफारस तात्पुरत्या कामांबद्दल होती. तात्पुरते टेकू कायमच्या बांधकामाइतक्याच काटेकोरपणे डिझाइन करा आणि तपासा, कारण मातीला तात्पुरते-कायमचे कळत नाही.

आपल्याकडे

मेट्रोच्या तीस मीटरच्या चराचे उदाहरण मोठे वाटेल, म्हणून आपल्या गावातले तीन मीटरचे तळघर घ्या. खोदाई झाली, राफ्ट, म्हणजे तळाचा काँक्रीटचा पाया, पडला, चहूबाजूंनी भिंती उभ्या राहिल्या, शटरिंग निघाले. भिंतीबाहेर खोदाईचा दीड-दोन मीटरचा मोकळा पट्टा आहे. तो भरायचा असतो. मे संपत आलेला असतो, पाऊस तोंडावर, आणि साइटवर साहित्य ठेवायला जागा नसते. ठेकेदार म्हणतो, मुरूम टाकून मोकळे होऊ. वरचा स्लॅब अजून पडलेला नसतो.

इथे भिंतीतले पोलाद पाहायला पाहिजे. तळघराची भिंत बहुतेक वेळा असे धरून डिझाइन करतात की ती खाली राफ्टला आणि वर तळमजल्याच्या स्लॅबला टेकलेली आहे. बाहेरच्या मातीने ती मधोमध आत फुगू पाहते, म्हणजे ताण आतल्या अंगाला येतो, आणि मुख्य सळ्या आतल्या अंगाला असतात. स्लॅब नसेल तर वरचे टोक मोकळे. मग तीच भिंत खालून उभ्या केलेल्या फळीसारखी वागते. ताण येतो बाहेरच्या, मातीकडच्या अंगाला, अगदी बुडाशी, जिथे सळ्या कमी असू शकतात. नुसत्या पाण्याचा हिशेब करा. तीन मीटर पाणी साचले तर भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर साडेचार टनांचा आडवा जोर येतो. त्याने बुडाशी येणारा वाकवणारा ताण, वर टेकू असता तर मधोमध आला असता त्याच्या अडीचपटीहून जास्त. तोही चुकीच्या अंगाला.

आणि मोकळा टाकलेला मुरूम पहिल्या मोठ्या पावसात पाणी पितो. त्यावरून कुणी भरलेला डंपर भिंतीला लगटून नेला, रोलर फिरवला, की त्याचाही जोर भिंतीवरच.

उपाय नवे नाहीत. स्लॅब पडून त्याला ताकद येईपर्यंत भराव थांबवायचा. थांबता येत नसेल तर आतून राफ्टवरून भिंतीला तिरके टेकू द्यायचे, तेही स्ट्रक्चरल अभियंत्याने हिशेब करून काढलेल्या ठिकाणी, टोकाला पुरेशी रुंद फळी किंवा प्लेट देऊन. निकोल हायवेला गेले ते टोकच होते, हे लक्षात असू द्या. भराव २०-३० सेंटिमीटरच्या थरांत, समोरासमोरच्या भिंतींवर सारखा चढवत न्यायचा, भिंतीजवळ हलक्या यंत्राने दाबायचा, पाणी निघून जायला वाट ठेवायची. टेकू काढायचे ते स्लॅबच्या जोरावर, कॅलेंडरच्या किंवा पावसाच्या जोरावर नाही. अमेरिकेत घराच्या तळघराला चार फुटांपेक्षा जास्त भराव येणार असेल तर वरचा मजला जोडल्याशिवाय किंवा टेकू दिल्याशिवाय माती टाकू नये, असे तिथली निवासी बांधकाम संहिता थेट सांगते.

आपल्याकडेही माती आणि पाणी भिंतीला काय करतात हे ठाऊक नाही असे नाही. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले, त्यांत लहान मुले होती. बहुतेक कुटुंबे बिहारमधून कामाला आलेली. भिंतीच्या पायथ्याशी झोपायला जागा देताना त्या भिंतीमागे काय आहे, याची चौकशी व्हायला हवी होती.

तुम्ही फ्लॅट घेत असाल, सोसायटीच्या समितीवर असाल, किंवा गावाकडे स्वतःचे घर बांधत असाल, तर भरावाचा पहिला डंपर फाटकात येईल तेव्हा साइटवर जा. वरचा स्लॅब कधी पडला ते विचारा. पडला नसेल तर आतले टेकू दाखवायला सांगा, आणि त्यांच्या ड्रॉइंगवर कुणी सही केली आहे ते पाहा. भिंतीखाली कुणाची झोपडी असेल तर ती आधी हलवा. खाली कुणी काम करत असेल आणि पोलादाचा एकही अनोळखी आवाज कानावर आला, तर कारण शोधण्याआधी माणसे वर घ्या. उत्तरे मिळत नसतील तर डंपर परत पाठवा.